जपानी ॲनिमे गंभीर आणि अमेरिकन कार्टून टवाळ, असं का झालं?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मोठ्या माणसांसाठीचं जपानी ॲनिमेशन पाहिलं की युद्ध, मृत्यू, मनाची पडझड दिसते. अमेरिकन पाहिलं की शिव्या, टिंगल आणि सोफ्यावर बसलेलं कुटुंब. हा दोन समाजांच्या स्वभावातला फरक आहे का? आणि घरातला पंधरा वर्षांचा मुलगा हे दोन्ही बघतो, तर त्याला काय बघू द्यावं?

मी बरीच वर्षं मुंबईत स्टोरीबोर्ड काढले, म्हणजे एकेका शॉटचा कच्च्या चित्रांतला आराखडा, त्यातले बरेचसे परदेशी मालिकांसाठी, आणि आता हेच शिकवतो. त्या कामातून माझं एक मत पक्कं झालंय. स्वभावाचा वाटा असेल, पण थोडा. पैसे कोण भरतं, दाखवायची वेळ कोणती आणि टेबलावर आधी काय येतं, चित्र की आवाज, यावर बाकीचं बरंच ठरतं.

शिनचॅनचंच बघा, तो तर आपल्या घराघरांत येऊन गेलाय. योशितो उसुई यांनी तो १९९० मध्ये 'वीकली मांगा ॲक्शन' या साप्ताहिकात सुरू केला. हे साप्ताहिक मोठ्या पुरुषांचं. पाच वर्षांच्या पोराच्या आडून कर्जाच्या हप्त्यांची, नवराबायकोच्या कुरबुरींची गंमत करायची, असा तो मामला होता. १९९२ मध्ये टीव्ही आसाहीवर मालिका आली आणि तो सहकुटुंब बघण्याचा कार्यक्रम झाला, जरी तिथल्या पालकसंघटनेच्या 'मुलांना दाखवावंसं वाटत नाही' या यादीत तो वर्षानुवर्षं वरच्या जागी असायचा. आपल्याकडे २००६ मध्ये 'हंगामा टीव्ही'वर हिंदीत आला तो थेट लहान मुलांच्या वाहिनीवर. २००८ मध्ये सरकारी आक्षेपानंतर बंद झाला आणि नंतर कात्री लावून परतला. त्याच २००६ मध्ये अमेरिकेत तो 'ॲडल्ट स्विम' या कार्टून नेटवर्कच्या मोठ्यांसाठीच्या रात्रीच्या खणात लागत होता, संवाद बदलून, मुळात नसलेले राजकीय आणि चावट विनोद घालून. चित्रं सगळीकडे तीच. तो कुणासाठी आहे हे प्रत्येक देशातल्या वाहिनीने आपापल्या वेळापत्रकाप्रमाणे ठरवलं.

जपानची गोष्ट ॲनिमेशनच्या आधी, छापील चित्रकथांपासून सुरू होते. १९५० च्या दशकात तिथे पुस्तकं भाड्याने देणारी दुकानं गल्लोगल्ली होती आणि त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे कारखान्यांत राबणारी तरुण पोरं. त्यांच्यासाठी योशिहिरो तात्सुमी आणि त्यांच्या सोबत्यांनी गुन्ह्याच्या, दारिद्र्याच्या, एकटेपणाच्या चित्रकथा काढायला घेतल्या आणि १९५७ पासून त्यांना 'गेकिगा' म्हणायला सुरुवात केली. ती पोरं मोठी झाली तरी वाचायची थांबली नाहीत. मग मोठ्या प्रकाशकांनीच प्रौढ वाचकांसाठी नियतकालिकं काढली: १९६७ मध्ये 'मांगा ॲक्शन', १९६८ मध्ये 'बिग कॉमिक'. म्हणजे पुढे ॲनिमेशनवाल्याला मोठ्यांची गोष्ट हवी झाली तेव्हा ती चित्रांसकट आणि वाचकांसकट तयार होती.

अमेरिकेत नेमकं याच काळात उलटं झालं. कॉमिक्समुळे मुलं गुन्हेगार होतात अशी ओरड झाली, सिनेटसमोर सुनावणी झाली आणि १९५४ मध्ये प्रकाशकांनी स्वतःवरच 'कॉमिक्स कोड' लादून घेतला. गुन्हेगारी आणि भयकथांचा बाजार बसला. प्रौढ चित्रकथा तिथे पुढे जगल्या त्या आडवाटेने, छोट्या छापखान्यांतून. एका देशात कच्चा माल वाढत होता आणि दुसऱ्यात तो मुळासकट छाटला गेला. या फरकाबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही, पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

पडद्यावरही अमेरिकेने आधी दार बंद केलं. १९३४ पासून हॉलिवूडची नियमावली कडकपणे लागू झाली आणि बेटी बूप या कार्टून नायिकेचा स्कर्ट लांब झाला. त्याआधी कार्टून थिएटरात सगळ्यांसाठीच असे. युद्धात सैनिकांच्या प्रशिक्षणासाठी वॉर्नर स्टुडिओच्या कलाकारांनी 'प्रायव्हेट स्नाफू' केलं. ते फक्त जवानांना दाखवायचं असल्यामुळे त्यात मोकळेपणाने चावटपणा आहे. म्हणजे तेच हात, तीच विनोदबुद्धी, फक्त नियमावली बाजूला ठेवलेली. १९६० मध्ये 'द फ्लिंटस्टोन्स' रात्री साडेआठला लागत होतं आणि सुरुवातीला त्याची प्रायोजक सिगारेट कंपनी होती. फ्रेड आणि बार्नी जाहिरातीत स्वतः सिगारेट ओढत. पण त्याच दशकाच्या शेवटापर्यंत कार्टून शनिवार सकाळच्या खणात गेलं, तिथे खेळणी आणि नाश्त्याची सीरियल विकणारे जाहिरातदार बसले आणि पालकसंघटनांचा दबाव वाढला. राल्फ बक्षी यांचा १९७२ चा 'फ्रिट्झ द कॅट' हा एक्स, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, प्रमाणपत्र मिळालेला अमेरिकेतला पहिला ॲनिमेशनपट. तो चालला, बक्षींनी त्यानंतरही दमदार सिनेमे केले, पण त्यामागे कोणी उद्योग उभा केला नाही.

मग १७ डिसेंबर १९८९ ला 'द सिम्पसन्स' आलं. फॉक्स तेव्हा नवं नेटवर्क होतं, तिन्ही जुन्या नेटवर्कांसमोर काहीतरी वेगळं हवं होतं आणि त्यांनी हा जुगार खेळला. मालिका गाजली आणि तिचा साचा तयार झाला: जाहिरातींसकट अर्धा तास, एक कुटुंब, लेखकांची मोठी खोली, भागाच्या शेवटी सगळं मूळ जागी. अर्धा तासाची विनोदी मालिका कशी विकायची हे नेटवर्कच्या जाहिरात विभागाला पाठ होतं. ॲनिमेशनमधली गंभीर कथा कशी विकायची हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून ती मागितलीच गेली नाही. पुढची वीस-पंचवीस वर्षं अमेरिकन प्रौढ ॲनिमेशन टवाळ दिसतं ते मुख्यतः यामुळे.

जपानमध्ये टीव्हीचा खण अरुंद होताच, पण बाजूने दोन नव्या वाटा फुटल्या. पहिली व्हिडिओ कॅसेटची. डिसेंबर १९८३ मध्ये 'डॅलोस' आलं, टीव्हीवर किंवा थिएटरात न जाता थेट टेपवर विकलेलं पहिलं ॲनिमे. टेप हजारो येनला असे आणि घेणारा कमावता माणूस असे. दुसरी वाट मध्यरात्रीची. 'इव्हँजेलियन' ही मालिका १९९५ मध्ये टीव्ही तोक्योवर संध्याकाळी लागली. १९९७ मध्ये तिचं पुनःप्रसारण उशिरा रात्री झालं, त्याला जोरदार प्रतिसाद मिळाला आणि त्या वेळेची किंमत निर्मात्यांना कळली.

या मध्यरात्रीच्या व्यवहाराकडे जरा नीट बघा. प्रकाशक, संगीत कंपनी, डिस्क काढणारी कंपनी, खेळणीवाला असे चार-सहा जण मिळून निर्मिती समिती करतात आणि वाहिनीकडून रात्री एक-दीडची वेळ विकत घेतात. प्रक्षेपण ही एका अर्थाने त्यांचीच जाहिरात. पैसे परत यायचे ते दोन-दोन भागांच्या सहा-सात हजार येनच्या डिस्कमधून, मूळ पुस्तकाच्या खपातून, गाण्यांमधून. इथे साबणवाला जाहिरातदार नाराज होण्याचा प्रश्नच नाही. काही हजार माणसांनी मनापासून विकत घेतलं तरी भागतं. मग उदास, गुंतागुंतीची, शेवट न सांगणारी गोष्टही चालते, कारण ती लाखोंना आवडण्याची गरजच नसते.

याची किंमत मात्र कुणीतरी मोजतं, आणि ते मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या समितीत चित्रं काढणारा स्टुडिओ बरेचदा नसतो. त्याला ठरलेली रक्कम मिळते, मालिका जगभर गाजली तरी तेवढीच. मधली चित्रं काढणाऱ्या नव्या मुलांना चित्रामागे काहीशे येन मिळतात. आपण ज्याला जपानी कलेची उंची म्हणतो ती अशा पगारावर उभी आहे, आणि तिचं कौतुक करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं.

आता माझ्या कामाच्या टेबलावरचा फरक. अमेरिकन मालिकेत आधी संहिता येते, लेखक एकत्र बसून ती मोठ्याने वाचतात, हशा कुठे पडतो ते बघतात, मग कलाकारांचे आवाज रेकॉर्ड होतात. स्टोरीबोर्ड त्या आवाजावर. मग ॲनिमॅटिक, म्हणजे ती चित्रं आवाजावर जोडून केलेली कच्ची फिल्म, मग बहुतेक वेळा कोरियात ॲनिमेशन. आमच्याकडे अशा मालिकेचं काम येई तेव्हा सोबत आवाजाची फाइल असे आणि एका सेकंदाच्या चोवीस फ्रेममध्ये कुठलं अक्षर कितव्या फ्रेमवर पडतं ते लिहून काढावं लागे. तिथे नटाच्या श्वासाला, अडखळण्याला चित्र बांधलेलं असतं. विनोदासाठी हे फार उत्तम, कारण विनोदाचं टायमिंग नटाच्या जिभेवर असतं. पण शांततेला त्यात जागा कमी. कोणी बोलत नसेल तर ॲनिमेटरच्या हातात धरायला काहीच नसतं.

जपानी पद्धतीत दिग्दर्शक आधी 'एकॉन्ते' काढतो, म्हणजे तपशीलवार स्टोरीबोर्ड, आणि प्रत्येक शॉटपुढे किती सेकंद, किती फ्रेम हे हाताने लिहितो. आवाज नंतर येतात. कलाकार पडद्याकडे बघून बोलतात, आणि चित्रं पूर्ण झालेली नसली तर पेन्सिलच्या रेघांकडे बघून. म्हणजे पात्राने किती वेळ गप्प राहायचं हे चित्रकार ठरवतो आणि नटाला त्या मापात बसावं लागतं. त्यात आणखी एक गोष्ट मिसळते, गरिबी. ओसामू तेझुका यांनी १९६३ मध्ये 'ॲस्ट्रो बॉय'चे भाग निर्मितीखर्चापेक्षा कमी किमतीत दिले आणि ते परवडावं म्हणून चित्रांची संख्या कमी केली: एकच चित्र जास्त फ्रेम धरायचं, फक्त तोंड हलवायचं, बॅकग्राउंड सरकवायचं. पुढच्या पिढीने या काटकसरीतून भाषा घडवली. स्थिर चेहरा, बाहेर सिकाडा किड्यांचा आवाज, रिकामा फलाट. काढायला स्वस्त, आणि दुःखासाठी याहून चांगलं साधन नाही. तेझुकांच्याच मुशी प्रॉडक्शनचा १९७३ चा 'बेलाडोना ऑफ सॅडनेस' बघा. एका बाईवर झालेला अत्याचार आणि तिचा सूड यांची ती कथा बरीचशी जलरंगातल्या स्थिर चित्रांवरून कॅमेरा फिरवून सांगितलीय. सिनेमा आपटला, त्याच वर्षी कंपनीचं दिवाळं निघालं, पण चित्रं अजून जिवंत आहेत.

याच पद्धतीमुळे मामोरू ओशी १९९५ च्या 'घोस्ट इन द शेल'मध्ये कथा थांबवून तीन मिनिटांहून जास्त वेळ नुसतं शहर दाखवू शकतात. पाऊस, कालवा, होर्डिंगं, काचेआड एक ओळखीचा चेहरा आणि केंजी कावाई यांचं संगीत. एक शब्द नाही. बावीस मिनिटांच्या नेटवर्क भागात हा प्रसंग पहिल्याच वाचनात उडाला असता, कारण तिथे वाचायला काही नाहीच. सातोशी कोन यांनी 'परफेक्ट ब्लू'मध्ये तर कटलाच, म्हणजे एका शॉटवरून दुसऱ्यावर उडी मारण्यालाच, कथा केलं. नायिका दचकून उठते, ते स्वप्न होतं की तिच्या मालिकेचं शूटिंग की खरं, हे पुढचा शॉट आल्यावरही कळत नाही. संवाद आधी रेकॉर्ड करून असं सुचणं कठीण. अपवाद आहेत, आणि मोठे आहेत. कात्सुहिरो ओतोमो यांच्या १९८८ च्या 'अकिरा'त आवाज आधी घेतले होते, ओठ बारकाईने जुळवले होते आणि एक लाख साठ हजारांवर सेल, म्हणजे पारदर्शक पत्र्यांवरची चित्रं, काढले होते. तेवढा पैसा असला की कुणीही कुठलीही पद्धत वापरू शकतं.

अमेरिकन बाजूला कमी लेखू नका, असं मी विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगतो, कारण ॲनिमेप्रेमी मुलं तिकडे बघायलाच तयार नसतात. 'साऊथ पार्क' १९९७ मध्ये सुरू झालं. त्याचा पहिला भाग कागदाची कात्रणं हलवून केला होता. नंतर तेच रूप संगणकावर आणलं आणि भाग साधारण सहा दिवसांत तयार व्हायला लागला. नोव्हेंबर २००८ मध्ये ओबामा निवडून आले, त्याच्या दुसऱ्या रात्री त्या निकालावरचा भाग टीव्हीवर होता. जिवंत सत्ताधाऱ्याला नावानिशी पडद्यावर उभं करून त्याच आठवड्यात त्याची खबर घेणं, हे जपानी टीव्ही ॲनिमेशनमध्ये जवळपास दिसतच नाही. हेही प्रौढपणच आहे, आणि कठीण प्रकारचं आहे. सेन्सॉरच्या सावलीत काम करणाऱ्या आपल्यासारख्यांना त्याची किंमत जास्त कळायला हवी.

दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले ते २००१ च्या सुमारास. २ सप्टेंबरला 'ॲडल्ट स्विम' सुरू झालं आणि पहिल्याच रात्री 'काउबॉय बिबॉप' दाखवलं. गंमत अशी की खुद्द जपानमध्ये १९९८ साली टीव्ही तोक्योने या मालिकेचे अर्ध्याच्या आसपासच भाग दाखवले होते. सगळे सव्वीस लागले ते वाऊवाऊ या पैसे भरून बघायच्या वाहिनीवर. तिथेही प्रश्न पैसे कोण देतो याचाच होता.

स्वभावाचा सिद्धांत मला खरोखर मोडीत निघालेला दिसतो तो त्यानंतर. वर्गणीवर चालणारे प्लॅटफॉर्म आले, जाहिरातदार बाजूला झाला आणि अमेरिकन ॲनिमेशन बघता बघता गंभीर झालं. 'बोजॅक हॉर्समन' २०१४ मध्ये नेटफ्लिक्सवर सुरू झाली ती टवाळ मालिकेच्याच रूपात, माणसांसारखा वागणारा घोडा वगैरे. पण तिच्या सहा सीझनमध्ये व्यसन, आईचा तिरस्कार, केलेल्या कृत्यांची जबाबदारी हे सगळं येतं आणि भाग संपला की काहीही मूळ जागी जात नाही. पाचव्या सीझनमधला एक भाग म्हणजे जवळपास पूर्ण वेळ शवपेटीशेजारी उभं राहून केलेलं एकट्याचं भाषण. आवाज आधी रेकॉर्ड करण्याच्या अमेरिकन पद्धतीचा इतका खोल वापर मी दुसरीकडे पाहिलेला नाही. उलट २०१९ च्या 'प्रायमल'मध्ये गेंडी टार्टाकोव्हस्की यांनी पहिल्या सीझनभर जवळजवळ संवादच ठेवले नाहीत. आदिमानव, एक डायनासोर आणि दोघांची मेलेली पिल्लं, एवढ्यावर ते डोळ्यांत पाणी आणतात. माणसं तीच, देश तोच, पैसे देणारा बदलला.

आता मुलाचं. प्रमाणपत्र बघा, पण ते कुठल्या देशाचं आहे तेही बघा. 'डीमन स्लेयर'च्या 'मुगेन ट्रेन' चित्रपटाला जपानमध्ये पीजी १२ मिळालं, म्हणजे बारा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या सल्ल्याने. प्राथमिक शाळेतली मुलं आईबापांबरोबर रांगा लावून गेली. अमेरिकेत त्याच चित्रपटाला आर मिळालं, म्हणजे सतराखालच्यांनी मोठ्यांसोबतच यायचं. कापलेली मुंडकी दोन्हीकडे सारखीच होती. भारतात प्लॅटफॉर्मना यू, यूए ७, यूए १३, यूए १६ आणि ए अशी वर्गवारी करावी लागते, पण ती बहुतेक वेळा अख्ख्या मालिकेला एकच लागते. सातव्या भागात काय आहे ते त्यातून कळत नाही. चित्रांचं वळण बघून तर अजिबात ठरवू नका. मोठे डोळे आणि गुलाबी केस असलेल्या मालिका सगळ्यात क्रूर निघू शकतात. आणि निव्वळ लैंगिक मजकुराची ॲनिमेशनं हा वेगळा कप्पा आहे. त्याचा या चर्चेशी संबंध नाही आणि पंधराव्या वर्षी तो बघायचाही नाही.

माझा अनुभव असा की या वयाच्या मुलांना रक्ताचा त्रास कमी होतो, पण कुणाचा अपमान, छळ किंवा आत्महत्या यांचा जास्त होतो. म्हणून मी 'अकिरा'ला सोळाव्या वर्षी हरकत घेणार नाही. 'काउबॉय बिबॉप' आत्ताच चालेल. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' अवश्य दाखवा, पण सोबत बसून. १९४५ मधल्या कोबे शहरात बॉम्बहल्ल्यानंतर उरलेल्या भावंडांची ती गोष्ट इसाओ ताकाहाता यांनी जराही नजर न वळवता सांगितलीय, आणि ती एकट्याने बघायची नाही. १९८८ मध्ये ती आणि 'माय नेबर तोतोरो' जपानी थिएटरांत एकाच तिकिटावर लागत. 'परफेक्ट ब्लू' मात्र अठरापर्यंत थांबू द्या. त्यात बलात्काराच्या दृश्याचं चित्रीकरण करताना अभिनेत्रीचं काय होतं हे दाखवणारा लांब प्रसंग आहे आणि तो समजायला नुसतं धाडस पुरत नाही. 'बोजॅक'चंही तसंच, व्यसन आणि नैराश्याबद्दल घरात आधी बोलणं झालेलं असेल तरच. 'साऊथ पार्क' त्याने तुमच्या नकळत पाहिलेलं असणारच. त्यावर चिडण्याऐवजी एखादा भाग त्याच्यासोबत बघा आणि तो नेमका कुणावर हसतोय ते त्याला विचारा.

आणि शक्य असेल तिथे जपानी कामं मूळ आवाजात, सबटायटल्स लावून बघा. काही डबिंगमध्ये मूळच्या शांत जागी जास्तीचे संवाद किंवा संगीत भरलेलं असतं, आणि मग वर सांगितलेल्या त्या मोजून ठेवलेल्या गप्प जागा कळतच नाहीत.